हजार वर्षं खांडेकरांची नव्हेत!

परवा रंकाळ्यावर भेळ खाताना पुन्हा तेच ऐकलं: "खांडेकरांचा ययाती पोराचं तारुण्य घेऊन हजार वर्षं चैन करतो." नाही हो! ती हजार वर्षं महाभारतातली. वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या 'ययाति' कादंबरीत मुलगा पुरू तारुण्य देतो खरा, पण बापाला लवकरच पश्चात्ताप होतो, आणि ते पुरूला परत मिळतं कचामुळे, म्हणजे शुक्राचार्यांच्या शिष्यामुळे. महाभारतातला कच मेलेल्याला जिवंत करणारी संजीवनी विद्या शिकतो, शुक्राचार्यांच्या मुलीचा, पुढं ययातीची राणी झालेल्या देवयानीचा शाप घेतो नि स्वर्गात निघून जातो. पुढं ययातीच्या संसारात त्याचं काम नाही. खांडेकरांनी मात्र त्याला परत आणून ययातीसमोर उभा केला. कादंबरीत ययाती एकटाच बोलत नाही, देवयानी आणि ययातीची दुसरी प्रिया शर्मिष्ठाही आपापली बाजू सांगतात. खांडेकर राहिले कोल्हापुरात, आणि कोल्हापुरातच ही गत!