आयडीई, एएचसीआय, रेड : बायोसमधल्या एका ओळीची पार्श्वभूमी

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. ज्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालत नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तेच मशीन आणखी काही वर्षं रेटायचं ठरवलंय. अशा मशीनला कमी पैशात जान आणायची तर जुनी हार्डडिस्क काढून साटा एसएसडी (साटा केबलला लागणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणं, याला तोड नाही. चार स्क्रू, दोन केबल, क्लोनिंग (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल), की झालं काम. मग बटण दाबायचं. विंडोजचा लोगो येतो, खालचे ठिपके एक-दोन गिरक्या घेतात आणि निळी स्क्रीन : 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. दुकानदार म्हणतो क्लोनिंग फसलं, गिऱ्हाईक म्हणतं एसएसडीच खराब दिली. पुष्कळदा दोन्ही धडधाकट असतात. घोळ असतो तो बायोसमधल्या (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) 'साटा मोड' किंवा 'साटा ऑपरेशन' नावाच्या ओळीत. तिथं डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीचे आयडीई, एएचसीआय आणि रेड असे पर्याय दिसतात. एका साध्या डिस्कसाठी तीन-तीन पर्याय कशाला, याचं उत्तर थेट १९८४ पर्यंत मागं जातं.

त्या साली आयबीएमचा पीसी/एटी आला. तेव्हा हार्डडिस्क आणि तिला चालवणारा कंट्रोलर या वेगळ्या वस्तू होत्या. कंट्रोलर म्हणजे स्लॉटमध्ये खोचलेलं वेस्टर्न डिजिटलचं एक लांबलचक कार्ड आणि तिथून डिस्कपर्यंत गेलेल्या दोन पट्टीच्या केबल. १९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कंट्रोल डेटा आणि कॉम्पॅक यांनी मिळून हा कंट्रोलर डिस्कच्याच अंगावर चढवला, म्हणून त्याला इंटिग्रेटेड ड्राइव्ह इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे आयडीई म्हणू लागले. मात्र सॉफ्टवेअरला या बदलाचा पत्ता लागू द्यायचा नव्हता. प्रोसेसर एटीच्या कार्डाशी ज्या पोर्टांवर (ठरलेल्या पत्त्यांवर) बोलायचा, १एफ० ते १एफ७, त्याच पोर्टांवर नवी डिस्क उत्तर देऊ लागली. इंटरप्टही (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा इशारा) तोच, १४ नंबरचा. जुनी सगळी सॉफ्टवेअर जशीच्या तशी चालली. धंद्याच्या दृष्टीनं हा निर्णय बिनचूक होता, फक्त त्याचं ओझं पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावर बसलं.

एका केबलवरच्या दोन डिस्कपैकी पहिली कोणती हे ठरवणारे मास्टर-स्लेव्हचे जम्पर हा त्याच काळाचा वारसा. डिस्कच्या आकाराच्या भिंतीही एकामागून एक लागत गेल्या : ५२८ एमबी, मग ८.४ जीबी, मग १३७ जीबी. यातली शेवटची अजूनही आडवी येते. जुन्या प्रणालीत सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा होता आणि एक सेक्टर ५१२ बाइटचा, त्यामुळे हिशेब १३७ जीबीवर संपतो. एखाद्या कारखान्यातलं यंत्र अजून सर्व्हिस पॅक नसलेल्या एक्सपीवर चालत असेल आणि तिथं कुणी २५६ जीबीची एसएसडी लावली, तर उरलेली जागा त्या विंडोजला वापरता येत नाही. यावर उपाय म्हणून आलेले ४८ बिटांचे पत्ते एक्सपीला सर्व्हिस पॅक १ पासून नीट कळायला लागले.

२००३ च्या सुमारास साटा आलं. केबल बारीक झाली, एका केबलला एकच डिस्क आली, जम्परची कटकट गेली. पण मदरबोर्डवरच्या चिपसेटनं (डिस्क वगैरे प्रोसेसरला जोडणाऱ्या चिपांनी) आत जुनंच सोंग चालू ठेवलं. साटाला लावलेली डिस्क बायोसमध्ये 'प्रायमरी मास्टर' म्हणून दिसायची आणि विंडोजला वाटायचं, समोर ती जुनी आयडीईच आहे.

हे सोंग उतरवायला इंटेलच्या पुढाकारानं २००४ मध्ये एएचसीआय आलं. यात पोर्टांची ती जुनी रांग नाही. कंट्रोलर मेमरीतल्या जागेवरून चालतो, ३२ पर्यंत पोर्ट सांभाळतो आणि प्रत्येक पोर्टवर ३२ कामांची रांग लावू देतो. हार्डडिस्क ती कामं स्वतःच्या सोयीच्या क्रमानं उरकते, याला एनसीक्यू म्हणतात. इंटेलच्या त्याच वर्षीच्या आयसीएच६ मालिकेच्या चिपसेटमध्ये ही सोय आली. अडचण एवढीच होती की जगभर चालत होता तो एक्सपी २००१ चा, आणि त्यात एएचसीआयचा ड्रायव्हरच (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) नव्हता. इन्स्टॉल सुरू होताना एफ६ दाबायचं आणि फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा, हा अधिकृत मार्ग. तोही अशा काळात, जेव्हा नव्या लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह गायब होत चालला होता. मग बोर्ड बनवणाऱ्यांनी बायोसमध्ये खटका दिला : ज्याला जमेल त्यानं एएचसीआय ठेवा, बाकीच्यांनी आयडीई. अनेक बोर्ड कारखान्यातूनच आयडीईवर लावून आले. असेंबल्ड मशीन विकणाऱ्यांच्या ते पथ्यावरच पडलं, एक्सपीची सीडी टाकली की मशीन तयार. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आज ज्या दहा-पंधरा वर्षांच्या मशीनमध्ये आपण एसएसडी बसवतो, त्यांतली कितीतरी त्या खटक्यावरच थांबलेली असतात.

व्हिस्टापासून एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आला, तरी निळी स्क्रीन गेली नाही. त्याचं कारण बूट कसं होतं त्यात आहे. सुरुवातीला डिस्क वाचतं ते बायोस. त्याच्या मदतीनं बूटलोडर विंडोजचा गाभा आणि 'सुरुवातीलाच लागणार' अशी खूण असलेले ड्रायव्हर मेमरीत घेतो. इथपर्यंत कुठलाही मोड असो, सगळं सुरळीत, म्हणून लोगो दिसतो. मग गाभा सूत्रं हातात घेतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरनं डिस्कला हाक मारतो. इन्स्टॉलच्या वेळी मोड आयडीई असेल, तर विंडोजनं एएचसीआयचा ड्रायव्हर 'लागत नाही' म्हणून बाजूला ठेवलेला असतो. तो आणायचा तर डिस्क वाचायला हवी, आणि डिस्क वाचायला तोच ड्रायव्हर हवा. निळ्या स्क्रीनवरची ती 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस', म्हणजेच स्टॉप ७बी, ही एरर म्हणजे हाच पेच.

त्यामुळे 'एसएसडीला एएचसीआय लागतं' असं कुठंतरी वाचून आधी बायोस बदलायचं, हा क्रम उलटा आहे. निळी स्क्रीन आली तर मोड पूर्वीसारखा करावा, मशीन मुकाट सुरू होतं. मग विंडोज ७ असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या यादीत) 'एमएसएएचसीआय' या सर्व्हिसची 'स्टार्ट' किंमत ३ वरून ० करायची आणि त्यानंतर बायोसला हात लावायचा. विंडोज १० मध्ये एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच सेटिंग प्रोग्राममधून सेफ बूटची खूण करायची, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जायचं, मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्यायचं आणि मग खूण काढायची. सेफ मोडमध्ये विंडोज बाजूला ठेवलेले ड्रायव्हरही तपासून घेतं.

काही वेळा बायोसला कुणीच हात लावलेला नसतो आणि तरी हीच एरर येते. तेव्हा घड्याळ बघावं. तारीख बोर्डाच्या जन्मसालावर गेली असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. एरवी भिंतीतल्या विजेवर सेटिंग टिकून असतं. एसएसडी बसवायला विजेची केबल काढली की सेल संपल्याचं उघड होतं, बायोस मूळपदावर जातं, आणि एएचसीआयवर वर्षानुवर्षं चाललेलं मशीन आयडीईवर, किंवा काही तयार ब्रँडेड मशीनमध्ये रेडवर, उठतं. आळ मात्र नव्या डिस्कवर. जुनं मशीन उघडलंच आहे तर तो सेल बदलून टाकावा, हे माझं ठाम मत.

रेडचं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतीचं, कोडं वेगळं. एकच डिस्क असलेली ऑफिसची मशीनही कारखान्यातून 'रेड ऑन' होऊन येतात. इंटेलच्या रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीत हा मोड म्हणजे एएचसीआय आणि वर काही जादा सोयी, २०११ नंतर हार्डडिस्कला छोट्या एसएसडीची जोड देण्याची सोय त्यातलीच. ती वापरत नसाल तरी चालू विंडोज त्याच्या ड्रायव्हरवर उभं असतं, म्हणून हा मोडसुद्धा उगाच बदलू नये.

एक गैरसमज मात्र खोडायला हवा. आयडीई मोडमध्ये ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणारी आज्ञा) चालत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा आयडीई ड्रायव्हरही ट्रिम पुढं पाठवतो. गमावतो ते एनसीक्यू. एकाच वेळी बरीच बारीक कामं आली तर फरक जाणवतो. पत्रं लिहिणं, बिलं करणं, ब्राउझर उघडणं यात आयडीईवरची एसएसडीसुद्धा जुन्या हार्डडिस्कला कुठल्या कुठं मागं टाकते. ज्याला रजिस्ट्रीची धास्ती वाटते, त्यानं खुशाल तसंच राहू द्यावं.

२०११ मध्ये एनव्हीएमई, म्हणजे खास एसएसडीसाठी बनवलेली नवी पद्धत, आली आणि आयडीईचं नातं पुरतं तुटलं. जुन्या बोर्डावर ॲडॉप्टर लावून ती डिस्क विंडोज १० मध्ये दिसते, पण बायोसला ती भाषाच येत नसल्यानं बहुधा बूट होत नाही. नव्या मशीनमध्ये चित्र उलटं आहे. इंटेलच्या ११ व्या पिढीच्या प्रोसेसरपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची, डिस्क इंटेलच्या खास ड्रायव्हरमागं ठेवणारी सोय चालू असते, आणि विंडोज नव्यानं टाकायला गेलं की सेटअपला डिस्कच सापडत नाही. तिथं 'लोड ड्रायव्हर' दाबून पेन ड्राइव्हवरून इंटेलचा ड्रायव्हर द्यावा लागतो, नाहीतर बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करावं लागतं. आधीपासून विंडोज चालू असलेल्या लॅपटॉपवर ते बंद केलं, तर पुन्हा ७बी.