संशोधन नियतकालिकांतील प्रकाशननीती

शोधनिबंध लिहिताना, तपासताना, छापताना आणि छापल्यानंतर त्यात खोट आढळली तर ती निस्तरताना लेखक, परीक्षक, संपादक व प्रकाशक यांनी जे नियम पाळायचे, त्यांना मिळून प्रकाशननीती म्हणतात. महाविद्यालयांत 'पब्लिकेशन एथिक्स' हाच शब्द जास्त चालतो. या नोंदीतली बरीच उदाहरणे कोकण किनाऱ्यावरची आहेत. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२), रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि तालुक्याच्या गावांतली कला-विज्ञान महाविद्यालये असे संशोधन करणारे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. त्यांचे निष्कर्ष कपाटात पडून राहत नाहीत. आंब्याच्या फवारणीचे वेळापत्रक, कोळंबीच्या तळ्याची निगा, मासळीच्या साठ्याचा अंदाज अशा वाटांनी ते बागायतदार आणि मच्छीमारांपर्यंत जातात. म्हणून खोट्या तक्त्याचा भुर्दंड शेवटी त्या निबंधाचे नावही न ऐकलेल्या माणसाला पडतो.

गैरवर्तनाचे तीन ठळक प्रकार मानले जातात: न केलेल्या प्रयोगाचे आकडे रचणे, मिळालेल्या आकड्यांत वा छायाचित्रांत फेरफार करणे आणि दुसऱ्याचा मजकूर किंवा कल्पना स्वतःची म्हणून देणे, म्हणजे वाङ्मयचौर्य. यांतले शेवटचे सॉफ्टवेअरला थोडेफार सापडते. पहिले दोन मात्र विषय आणि जागा ठाऊक असलेल्या माणसालाच दिसतात. समजा, एका निबंधात मिरकरवाडा व हर्णै बंदरांवर उतरलेल्या बांगड्याचा वर्षभराचा तक्ता दिला आहे आणि त्यात जुलै महिन्यातल्या ट्रॉलरच्या रोजच्या नोंदी आहेत. महाराष्ट्रात जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. किनाऱ्यावर वाढलेला परीक्षक त्या रकान्यावर बोट ठेवील, दूरचा कदाचित पुढे जाईल. हाताने पट्टी धरून शेकडो मासे मोजले, तर लांबीच्या शेवटी ० आणि ५ हे अंक जरा जास्तच येतात. सगळे अंक अगदी सारखे विखुरलेले असतील तर मूळ नोंदी मागण्याइतकी शंका घ्यायला जागा आहे.

तरीही शंका म्हणजे दोष नव्हे. लेखकाने जेटीवरची वही पुढे केली, खाऱ्या पाण्यात शाई फुटते म्हणून पेन्सिलने लिहिलेली, पानांना खवले चिकटलेली, आणि जुलैचे आकडे खाडीतल्या बिगरयांत्रिक होड्यांचे असून तक्त्यात 'ट्रॉलर' हा शब्द चुकून पडल्याचे त्यातून दिसले, तर ते गैरवर्तन ठरत नाही. ती प्रामाणिक चूक होय आणि तिला शुद्धिपत्र पुरते. वही नाही, नौकांची नावे नाहीत, कोणत्या दिवशी कोण मोजायला गेले तेही सांगता येत नाही, तेव्हा प्रकरण वेगळे होते. हापूसमधल्या साक्याचेही तसेच. साका म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष. तो बाहेरून दिसत नाही, क्ष-किरणांसारखे साधन नसेल तर फळ कापावेच लागते. मग 'तीच फळे' चौथ्या, आठव्या आणि बाराव्या दिवशी कापून पाहिल्याचा तक्ता कोणी दिला तर त्याचा अर्थ लावणे कठीण आहे.

जागा ठाऊक नसणाऱ्यांच्या भरवशावर खोटेपणा किती काळ चालतो, याचे भारतातले मोठे उदाहरण चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातील भूशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता यांचे. हिमालयात सापडले म्हणून त्यांनी वर्णन केलेली अनेक जीवाश्मे मुळात परदेशांतली असल्याचे ऑस्ट्रेलियन पुराजीवशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. तोवर सुमारे अडीच दशकांचे लेखन साठले होते आणि त्याच्या आधारावर इतरांचेही. बरेच सहलेखक त्या जागी कधी गेलेच नव्हते.

इथे लेखकत्वाचा प्रश्न येतो. १९७८ मध्ये व्हँकुव्हरला जमलेल्या वैद्यकीय संपादकांच्या गटातून पुढे आलेल्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार कसोट्या आज इतर विषयांतही वापरल्या जातात. कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा कसून सुधारण्यात सहभाग, अंतिम प्रतीला मान्यता आणि संपूर्ण कामाबद्दल उत्तर देण्याची तयारी, या चारही पुऱ्या झाल्या तरच नाव लेखक म्हणून. विभागप्रमुख म्हणून, मार्गदर्शक म्हणून किंवा पुढल्या वेळी तो आपले घालील म्हणून नाव घालणे या कसोट्यांत बसत नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे आणि कोकणात ती मला जास्त जाचते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील सड्यांवरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरची, कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांतली कितीतरी शोधायला स्थानिक हौशी शोधकांनी पायपीट केली आणि गुराख्यांनी व गावकऱ्यांनी वाट दाखवली. अशा माणसाचे नाव निदान ऋणनिर्देशात तरी हवेच. त्याने दाखवलेली जागा 'आमच्या सर्वेक्षणात आढळली' असे लिहिणे ही चोरीच आहे, मग सॉफ्टवेअर शून्य टक्के साम्य का दाखवेना.

हितसंबंध उघड करणे, एकच निबंध एका वेळी दोन ठिकाणी न धाडणे आणि परीक्षकाने हाती आलेले हस्तलिखित गुप्त ठेवणे हे नियम सर्वत्र सारखेच आहेत.

तक्रार आल्यावर काय करायचे, याची सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत 'कोप' या संस्थेची आहे. ही प्रकाशननीती समिती १९९७ मध्ये ब्रिटनमधील काही वैद्यकीय संपादकांनी सुरू केली. संपादक आधी पुरावा मागतो, साम्य किंवा विसंगती स्वतः पडताळतो, मग लेखकाला पुराव्यासह पत्र लिहून खुलासा मागतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर तो लेखकाच्या संस्थेला कळवतो. चौकशी करून दोष ठरवणे हे संस्थेचे काम. संपादकाच्या हाती असते ती छापील नोंद आणि तीच त्याने दुरुस्त करायची. दुरुस्तीच्या पायऱ्या तीन: शुद्धिपत्र, साशंकता नोंद (निबंधाबद्दल शंका असल्याची वाचकांना दिलेली सूचना) आणि निबंध मागे घेणे. मागे घेतलेला निबंध पुसून टाकत नाहीत. तो जागेवरच राहतो, प्रत्येक पानावर 'मागे घेतला' असा शिक्का येतो आणि कारण सांगणारी सूचना त्याला जोडली जाते. 'लॅन्सेट'ने १९९८ मध्ये छापलेला, गोवरप्रतिबंधक लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. मधल्या बारा वर्षांत लशीवरचा विश्वास जो उडाला तो सूचनेने परत आला नाही. म्हणून गाजावाजा टाळायला निबंध गुपचूप संकेतस्थळावरून काढणाऱ्या संपादकाला मी प्रामाणिक मानत नाही. ज्याने तो आधीच उतरवून घेतला, त्याला चूक कधी कळणारच नाही.

भारतात संस्थांच्या बाजूने वाङ्मयचौर्याबद्दलचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. दुसऱ्याच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. पुढे चाळीसपर्यंत, साठपर्यंत आणि साठच्या वर अशा पातळ्या आहेत. प्रबंधात साठच्या वर साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. छापलेल्या निबंधासाठी वेतनवाढ रोखणे व मार्गदर्शनाचा अधिकार काही वर्षे काढून घेणे अशी तरतूद आहे. आधी विभागाची समिती, मग संस्थेची, अशी चौकशी होते. विभागाच्या समितीत विभागाबाहेरचा आणि संस्थेच्या समितीत संस्थेबाहेरचा सदस्य लागतो. सगळे एकाच आळीत राहतात, एकमेकांच्या लग्नकार्यांना जातात अशा तालुक्याच्या महाविद्यालयात हा बाहेरचा सदस्य फार मोलाचा आहे.

टक्क्यांचा भरवसा मराठी लेखनात आणखी कमी. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी देवनागरी नसतोच, त्यामुळे तो कशाशीच जुळत नाही. इंग्रजी निबंध मराठीत उतरवून आपल्या नावाने दिला तर शब्दांची तुलना करणाऱ्या साधनाला काहीच सापडत नाही. तिथे ज्याने दोन्ही वाचले आहेत असा परीक्षकच लागतो.

पैसे घेऊन चार दिवसांत छापणारी बनावट नियतकालिके, निबंध छापला की प्राध्यापकांना मिळणाऱ्या बढतीच्या गुणांवर पोसली गेली. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासणारा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला, त्यात ८८ टक्के नियतकालिके कमी दर्जाची ठरली. त्यानंतर पुणे विद्यापीठाच्या सहभागाने पारखलेल्या नियतकालिकांची 'केअर' यादी आली आणि २०२५ च्या सुरुवातीला आयोगाने तीही बंद केल्याचे जाहीर केले. आता पारख संस्थांनी स्वतः करायची आहे. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असणे म्हणजे दर्जा नव्हे, तो मागेल त्या नियतकालिकाला मिळतो. संपादक मंडळातल्या एखाद्याला फोन करून 'तुम्ही खरेच या मंडळात आहात का' असे विचारले की बरेच कळते.

छापील अंकांच्या बाबतीत एक काम उरते आणि ते ग्रंथपालाचे. मागे घेतल्याची सूचना पुढल्या अंकात येते, पण मूळ अंक बांधून कपाटात गेलेला असतो. तेव्हा सूचनेची प्रत काढायची, तिच्यावर अंक, पृष्ठ आणि तारीख लिहायची आणि त्या निबंधाच्या पहिल्या पानावर वरच्या कडेला डिंकाने अशी चिकटवायची की शीर्षक झाकले जाणार नाही. किनाऱ्यावरच्या पावसाळी दमटपणात चिठ्ठ्या सुटतात, म्हणून दर दसऱ्याच्या आसपास त्या पुन्हा पाहून घ्याव्या लागतात.