पोटावरून की आतून?

"माझं वय का आता सोनोग्राफीचं?" पर्ची उलटसुलट करत आत्या म्हणाली. वय ६१. पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती आणि मागच्या आठवड्यात दोनदा डाग पडला होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या त्या तपासणी केंद्रात बाकावर बसलेल्या बहुतेक जणी पोटुशी होत्या. त्यांच्यात ती पदर सावरून, अंग चोरून बसली होती. सोनोग्राफीला भरपूर पाणी पिऊन जायचं, हे तिला शेजारच्या वहिनींनी सांगितलेलं. त्यामुळे लिटरभर पाणी पिऊन तासभर लघवी दाबून ठेवलेली. आत बोलावल्यावर सिस्टर म्हणाल्या, "अम्माजी, पहले बाथरूम हो आइए. अंदर से करना है."

"आतून?" आत्या माझ्याकडे बघतच राहिली. हे तिला आधी कुणी सांगायला हवं होतं, आणि मलाही ते सुचायला हवं होतं.

पोटावरून आणि आतून हा फरक समजायला आमच्या वाड्यातली एक भिंत पुरेशी आहे. पलीकडे रोज संध्याकाळी गाण्याची तालीम चालते. ग्वाल्हेरात याचं नवल नाही. भिंतीतून डग्ग्याची घुमक येते, पण तंबोऱ्याची जवारी येत नाही. खालचा नाद भिंत ओलांडतो, वरचा बारीक नाद तिच्यातच जिरतो. शरीरातही तसंच होतं. माणसाच्या कानाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर सोनोग्राफीचा आवाज काही लाख ते कोटी कंपनांचा असतो. पोटावर फिरवायचा प्रोब, म्हणजे आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा दांडा, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २० ते ५० लाख कंपनांचा. हा डग्गा. तो खोलवर जातो, पण बारकावे दाखवत नाही. योनीमार्गातून घालायचा बोटाएवढा जाड प्रोब ५ ते ९ मेगाहर्ट्झचा. त्याचा आवाज लांब जात नाही, पण गर्भपिशवी तिथून अगदी हाताशी असल्यामुळे मिलिमीटरचा फरकही टिपता येतो.

पाण्याचं कोडंही इथेच सुटतं. आवाजाला हवेचं वावडं असतं. पोटावर थंडगार जेल लावतात ते कातडी आणि प्रोब यांच्यामधली हवा घालवायला. आतड्यांत वायू असतो, तो आवाज परतवून लावतो. मूत्राशय भरलं की ते आतड्यांना बाजूला सारतं आणि त्या पाण्याच्या खिडकीतून मागची गर्भपिशवी दिसते. आतून करताना ही खिडकी लागत नाही. उलट भरलेलं मूत्राशय गर्भपिशवीला प्रोबपासून दूर ढकलतं. लग्न न झालेल्या मुलींची तपासणी सहसा पोटावरूनच करतात, म्हणून त्यांना मात्र पाणी पिऊनच यावं लागतं. फायब्रॉइडची, म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूची साधी गाठ मोठी होऊन बेंबीपर्यंत पोचली असेल तर आतला प्रोब तिथवर पुरत नाही, तिथे डग्गाच हवा. कित्येकदा दोन्ही करतात.

आत्याच्या संकोचाबद्दल एक सांगायलाच हवं. सोनोग्राफी म्हणजे बाळ, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं आहे, पण ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी सुरुवात केली ती पोटातल्या गाठींपासून. १९५५ साली त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून एका बॉयलर कारखान्यात नेल्या. तिथे लोखंडातल्या भेगा शोधायचं ध्वनियंत्र होतं. गाठ पाण्याची की भरीव, हे प्रतिध्वनीवरून कळलं. पुढे एका बाईला पोटाचा, शस्त्रक्रिया न होण्याजोगा कर्करोग आहे असं निदान झालेलं असताना यंत्राने दाखवलं की ती अंडाशयातली पाण्याची मोठी गाठ आहे. ती काढली आणि बाई वाचली. १९५८ साली हे सगळं 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

पडद्यावर पाणी काळं, भरीव पांढुरकं, ही खूण आजही तीच आहे. स्तनातली गाठ पाण्याची की भरीव हे बघायला तीच कामाला येते, विशेषतः तरुण वयात, जेव्हा स्तन घट्ट असल्यामुळे मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, गाठ झाकली जाते. पण चुन्याचे बारीक कण मॅमोग्राफीतच नीट दिसतात, म्हणून एक केली म्हणजे दुसरी नको असं नाही. पीसीओडीच्या, म्हणजे अंडाशयात बऱ्याच 'गाठी' असल्याच्या रिपोर्टवर मुली घाबरतात. त्या 'गाठी' नसतात, अर्ध्यावर थांबलेल्या बीजांच्या २ ते ९ मिलिमीटरच्या पिशव्या असतात. डॉप्लरमधला, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीतला, लाल-निळा रंग म्हणजे शुद्ध-अशुद्ध रक्त नव्हे. सहसा प्रोबकडे येणारा प्रवाह लाल आणि दूर जाणारा निळा दाखवतात. बाळाच्या नाळेतून रक्त नीट वाहतंय का, हे त्यावरून कळतं.

गरोदरपणातल्या तपासण्यांत वेळ महत्त्वाची. सुरुवातीची तपासणी गर्भ पिशवीतच आहे ना आणि किती आठवड्यांचा आहे हे सांगते. ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात, १८ ते २० आठवड्यांत अवयव बघतात. तारीख हुकली की तो प्रश्न त्याच तपासणीने पुन्हा विचारता येत नाही. मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती पाळलीच पाहिजे.

आत्याची तपासणी दहा मिनिटांत झाली. दुखलं नाही, थोडं अवघडल्यासारखं वाटलं, म्हणाली. बघायचं होतं ते गर्भपिशवीचं अस्तर. पाळी गेल्यावर रक्त दिसलं आणि अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी भरलं, तर कर्करोगाची शक्यता फारच कमी असते. रक्त पुन्हा पुन्हा जात राहिलं तर मात्र पातळ अस्तरावरही विसंबत नाहीत. आत्याचं ९ भरलं. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

जाड अस्तर म्हणजे कर्करोगच असं नसतं. चार दिवसांनी बारीक नळीतून गर्भपिशवीत सलाईन सोडून पुन्हा बघितलं. रिकाम्या पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, पाणी भरलं की त्या सुटतात. काळ्या पाण्यात, एका भिंतीला देठाने लटकलेला, पांढरा, शेंगदाण्याएवढा पॉलिप, म्हणजे अस्तराचाच वाढलेला कोंब, मला पडद्यावर स्पष्ट दिसला. आत्यालाही दाखवला. तो काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट साधा आला. डाग पडल्या दिवशीच ती बोलली, म्हणून हे सगळं तीन आठवड्यांत आटोपलं.