बोल्ट हलत नाही, तेव्हा त्याला नक्की काय धरून असतं?

ओम्नी, ईको, बोलेरो किंवा एखादी जुनी ॲम्बेसिडर, म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी कुठलीही गाडी घ्या. तिच्याखाली आडवं पडून पाहिलं की गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांना पीळ वाटून देणाऱ्या गिअरपेटीपर्यंत, गेलेला एक लांब पोकळ दांडा दिसतो. हा प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या मागच्या टोकाला फ्लँज, म्हणजे बोल्टांनी जोडायची चपटी चकती असते आणि फ्लँजला सहसा चार बोल्ट. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस बदलायचा असो की गिअरबॉक्स उतरवायचा असो, आधी हे चार बोल्ट सुटायला हवेत. कोकणपट्टीत आयुष्य काढलेल्या गाडीचं काम पुष्कळदा इथेच अडतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर समुद्राचा खारा वारा, आणि हे बोल्ट बसलेत नेमके रस्त्यावरचं चिखलपाणी उडतं तिथे.

अशा वेळी पान्याला पाइप लावायचा हा आपल्याकडचा पहिला उपाय. तो कधी चालतो, कधी बोल्टाचं डोकं हातात येतं. कारण अडलेल्या बोल्टाला धरून ठेवणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या जोराला दाद देत नाहीत.

आधी चांगल्या, गंज न चढलेल्या बोल्टाचं पाहू. कसलेला बोल्ट म्हणजे खरं तर एक अतिशय ताठ स्प्रिंग असते. १० मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट साधारण ५० न्यूटन-मीटरला कसला की तो किंचित लांबतो आणि दोन्ही फ्लँज सुमारे २५ हजार न्यूटनने, म्हणजे अडीच टन वजनाइतक्या बळाने, एकमेकांवर दाबून धरतो. इंजिनाचा पीळ पुढे जातो तो मुख्यतः या दाबामुळे फ्लँजच्या दोन चकत्यांमध्ये होणाऱ्या घर्षणातून. बोल्ट ढिले झाले की हेच बळ आडवं त्यांच्यावर येतं आणि ते कापले जातात.

पण गंमत अशी की, कसताना आपण लावलेल्या टॉर्कपैकी, म्हणजे पिळाच्या जोरापैकी, बोल्ट ताणण्यात जेमतेम दहावा हिस्सा जातो. अर्ध्याच्या आसपास डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो आणि उरलेला आट्यांमधल्या. आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. १० मिलिमीटरच्या बोल्टाला हा उतार सुमारे ३ अंशांचा असतो. पोलादावर पोलाद घसरायला याहून बराच जास्त उतार लागतो, म्हणून एवढा ताण असूनही बोल्ट आपणहून उलटा फिरत नाही. सोडताना मात्र आपण उतारावरून खाली येत असतो. त्यामुळे स्वच्छ बोल्ट कसायला जेवढा टॉर्क लागला, त्याहून थोडा कमीच सोडायला पुरतो.

यातून एक सोपी कसोटी हाती लागते. कसण्याच्या टॉर्कपर्यंत जाऊनही बोल्ट हलत नसेल, तर त्याला घर्षणाखेरीज आणखी कुणीतरी धरलंय. हा ‘कुणीतरी’ बहुधा गंज असतो, क्वचित आट्यांना मुद्दाम लावलेला डिंक.

लोखंडाचा गंज झाला की त्याचा आकार वाढतो. गंज कोणत्या प्रकारचा आहे त्यानुसार तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. नट आणि बोल्टाच्या आट्यांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. तिथे गंज धरला की तो फुगून पाचरीसारखा ठासून बसतो. मीठ हे सगळं वेगाने घडवतं, कारण खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. मात्र या पाचरीचा एक कच्चा दुवा आहे. ती दाबाला भक्कम असली तरी ठिसूळ असते. सावकाश, सलग पीळ तिला सोसतो. धक्का सोसत नाही.

उलट बोल्ट सलग पिळाला कच्चा. टॉर्क म्हणजे हाताचा जोर गुणिले पान्याची लांबी. २५ सेंटिमीटरच्या पान्यावर २० किलोचा भार टाकला की ५० न्यूटन-मीटर होतात. त्याच हाताने एक मीटरचा पाइप ओढला की २००. आणि आट्यांच्या तळाशी या बोल्टाचा गाभा असतो साडेआठ मिलिमीटरच्याही आतला. कसण्याच्या टॉर्कच्या दीडपटीच्या आसपासच तो पिळवटायला लागतो. पाइप लावलेल्या माणसाला ही हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या ॲक्सलचा मधला मोठा नट वेगळा. त्याचा टॉर्कच २०० किंवा त्याहून जास्त असू शकतो, तिथे पाइप लावणं गैर नाही. फक्त त्या नटाची कड खाचेत ठोकून दाबलेली असेल तर ती आधी छिन्नीने उचलून घ्यायची.

आता तेल. अरुंद फटीत द्रव स्वतःच ओढला जातो. केशाकर्षणाचा हा नियम शाळेत शिकवतात, पण त्याचं वेळेचं गणित फारसं कुणी सांगत नाही. लुकास यांनी १९१८ मध्ये आणि वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार द्रव किती आत शिरेल ते वेळेच्या वर्गमुळावर ठरतं. दुप्पट खोल जायला चौपट वेळ. म्हणून तेल मारून लगेच पाना लावण्यात फारसा अर्थ नाही. संध्याकाळी मारा, रात्रीत पुन्हा एकदा मारा, काम सकाळी. तेल पातळ हवं. गॅरेजात डिझेल वापरतात ते याचसाठी, आणि ते अगदीच वाईट नाही. सगळ्यांच्या घरी असलेलं डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये पाणी हटवण्यासाठी तयार झालं होतं, ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. ते चालतं, पण खास गंजात शिरण्यासाठी बनवलेलं तेल मिळत असेल तर माझी पसंती त्याला.

तेल कुठे मारता हेही बघा. डोक्याच्या बाजूला मारलेलं आट्यांपर्यंत पोहोचणं कठीण, कारण मधली वाट अडीच टनांनी दाबून बंद केलेली आहे. मारायचं नटाच्या बाजूने. तिथे नटाबाहेर बोल्टाचे दोन-तीन आटे डोकावत असतात, त्यांच्यावर लालसर पापुद्रे धरलेले असतात. ते तारेच्या ब्रशने आटे चमकेपर्यंत घासून काढायचे. नट सुटताना याच आट्यांवरून बाहेर येणार आहे. तो ढिला होऊनही अर्ध्या वाटेत पुन्हा जाम होतो तो बहुतेक वेळा या न घासलेल्या आट्यांमुळे. डोक्यात खाच असलेले ॲलन किंवा स्प्लाइनचे बोल्ट असतील तर खाचेतला चिखल टोचून काढा. बिट अर्धवट बसलं की खाच गोल झालीच म्हणून समजा.

मग धक्का. बोल्टाच्या डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे चार-पाच नेमके ठोके. क्षणभर डोक्याखालचा दाब कमी होतो आणि आट्यांमधला गंज तडकतो. ठोका क्रॉसवर मात्र बसू देऊ नका, आतल्या बारीक सुई-बेअरिंगचे वण कायमचे उमटतात. त्यानंतर सहा कोनी गोटी (सॉकेट) लावून आधी किंचित कसायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने. गंज सुटतो तेव्हा ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि हातावरचा ताण एकदम उतरतो. आवाज नाही, पाना फिरतोय, पण ताण तसाच आणि डोकं काहीसं मऊ लागतंय, तर तो बोल्ट पिळवटतोय. तिथेच थांबा.

इम्पॅक्ट गन हेच धक्क्याचं काम फिरत्या दिशेने करते. आतला हातोडा गरगरत येऊन दांड्यावर आदळतो. प्रत्येक आघात इतका क्षणिक असतो की आपल्या हाताला त्याचा जेमतेम अंश जाणवतो. जड शाफ्टलाही तेवढ्या वेळात हलायची सवड मिळत नाही, त्यामुळे तो धरून ठेवायची कटकट कमी. लांब एक्स्टेन्शन जोडलं तर ते स्वतःच पीळ खाऊन अर्धा धक्का गिळतं, म्हणून जमेल तितकं आखूड घ्या.

उष्णतेबद्दल गैरसमज फार. नट तापवला की त्याचं भोक लहान होत नाही, मोठंच होतं. नट बोल्टापेक्षा २०० अंशांनी जास्त तापला तर १० मिलिमीटरचं भोक मिलिमीटरच्या सुमारे २४ सहस्रांशाने रुंदावतं. फटीच्या हिशेबात हे भरपूर आहे. डिंकाला तर उष्णताच लागते. हा आट्यांचा डिंक अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये विकसित केला, तोच पुढे लॉकटाइट झाला. हवेत तो द्रवच राहतो. हवा कोंडली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतो. ‘टक्’ न होता सुटेपर्यंत अडत येणारा बोल्ट आणि आट्यांवर लाल किंवा निळे कण, ही त्याची खूण. कडक प्रकारचा डिंक साधारण २५० अंशांना ढिला पडतो. पण या जागी शेजारी ग्रीस, रबर, कदाचित इंधनाची टाकीही असते, आणि आपण नुकतंच ज्वलनशील तेल मारलेलं आहे. घरी गाडीखाली ज्योत मी पेटवणार नाही. नटाभोवती वेटोळं घालून विजेने तापवणारा इंडक्शन हीटर मिळाला तर ठीक, नाहीतर गॅरेज गाठावं.

गाडी घोडीवरच हवी, नुसत्या जॅकवर नाही, आणि टेकलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड. शाफ्ट सुटला की गिअरमध्ये टाकलेली गाडीही घरंगळते, कारण इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटतो. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरसारख्या गाडीत हँडब्रेकसुद्धा गिअरबॉक्सच्या मागेच शाफ्टवर चालतो, म्हणजे तोही गेला. सुटण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची एक सलग रेघ ओढून घ्या. शाफ्ट त्याच कोनात परत बसला नाही तर गाडी थरथरू शकते.

बसवताना बोल्ट नवे घ्या. ‘पुन्हा जाम नको’ म्हणून आट्यांना भरपूर ग्रीस लावायचा मोह होतो. ग्रीसमुळे घर्षण घटतं आणि त्याच ५० न्यूटन-मीटरला बोल्ट तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताणला जाऊ शकतो. कंपनीने कोरडे आटे धरून टॉर्क दिला असेल तर आटे कोरडेच ठेवा, डिंक सांगितला असेल तर डिंक लावा. ग्रीस लावायचंच असेल तर ते नटाबाहेर उरलेल्या आट्यांवर, सगळं कसून झाल्यावर.