पालिका वसाहतींचा पुनर्विकास (सांगली)

महानगरपालिकेच्या मालकीची, मोडकळीस आलेली कर्मचारी निवासस्थाने आणि घरकुले पाडून नवी घरे उभारण्याची प्रक्रिया. कागदोपत्री पाडण्याला ‘निष्कासन’ म्हणतात, गल्लीत पाडापाडी. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका 9 फेब्रुवारी 1998 रोजी अस्तित्वात आली आणि आधीच्या नगरपालिकांच्या मिळकती तिच्याकडे आल्या.

इमारत एका दिवसात धोकादायक होत नाही. गळका संडास, वर्षानुवर्षे ओली राहणारी भिंत, स्लॅबमध्ये शिरलेले पाणी. मग सळईला गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर ती हालचाल भिंतीत तिरप्या तड्यांनी उमटते. त्यात पूर. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. धोका पातळी 45 फूट आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली आयुक्त धोकादायक बांधकामाला नोटीस देतात. तपासणीनंतर इमारतीची वर्गवारी होते. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-2ए रिकामी करून दुरुस्त करायची. सी-2बी माणसे आत असतानाच दुरुस्त करता येते. सी-3 मध्ये किरकोळ डागडुजी. खासगी वाड्याला नोटीस देणे सोपे. इथे मात्र घरमालकही पालिका आणि नोटीस देणारीही पालिकाच, त्यामुळे दुरुस्ती का झाली नाही हा प्रश्न नोटिशीच्या पाठोपाठ येतो.

पोकलेनचे काम थोड्या दिवसांचे असते. वर्षे जातात ती खोली कोणाच्या नावावर, या वादात. सेवानिवासस्थान नोकरीशी बांधलेले असते: घरभाडे भत्ता बंद, पगारातून कपात आणि निवृत्तीनंतर ताबा परत. प्रत्यक्षात सफाई कामगाराच्या घरात लाड-पागे समितीच्या (सफाई कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या शासकीय समितीच्या) शिफारशींनुसार वारसाला नोकरी लागते आणि बिऱ्हाड त्याच खोलीत दुसऱ्या, तिसऱ्या पिढीपर्यंत राहते. त्याच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 81 ब खाली पालिका खोली रिकामी करून घेऊ शकते. कायद्याने ते बरोबर असेलही, पण आयुष्यभर शहर झाडणाऱ्याला अनधिकृत ठरवणारी ही वाट आहे. मालकी हक्काच्या घराची तरतूद सफाई कामगारांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रमसाफल्य आवास योजनेत आहे. तिच्यासाठी 25 वर्षांच्या सेवेची अट आहे. म्हणून पाडण्यापूर्वी खोल्यांची मोजणी आणि रहिवाशांची यादी यांना नकाशापेक्षा जास्त महत्त्व असते. यादीत नाव नसेल तर संक्रमण शिबिरातही, म्हणजे नवे घर होईपर्यंतच्या तात्पुरत्या निवाऱ्यातही, जागा नाही.

पैसा उभा करण्याचे मार्ग मोजके: पालिकेचा निधी, शासकीय योजना किंवा विकासकाशी भागीदारी. पंतप्रधान आवास योजनेतील (2015) दुर्बल घटकांसाठीचे घर 30 चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतचे असे. भागीदारीत विकासक रहिवाशांची घरे बांधून देतो आणि उरलेले क्षेत्र विकतो. साहजिकच बाजारपेठेजवळच्या जागेला विचारणारे भेटतात, आडबाजूच्या चाळीला नाही.

सांगलीत याखेरीज पूररेषा आडवी येते. नकाशावर दोन पूररेषा असतात: नदीलगतच्या निषिद्ध पट्ट्याची निळी आणि तिच्या पलीकडची, मोठ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम जवळपास बंदच आहे. मात्र 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार तेथील अधिकृत जुन्या इमारतीचा पुनर्विकास, लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच जोते ठेवून, करता येतो. म्हणजे खाली मोकळे खांब आणि वर घरे. बैठ्या चाळीत दारात हातगाडी लावणाऱ्या, अंगणात धुणीभांडी करणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला त्यामुळे जिना, लिफ्ट आणि देखभालीचा मासिक खर्च येतो; घर फुकट मिळाले तरी हा खर्च फुकट नसतो.

पाडकामाच्या राडारोड्यासाठी केंद्राने 2016 मध्ये वेगळे नियम केले. सळई, दारे, कौले भंगारात लगेच विकली जातात. विटा-मातीला गिऱ्हाईक नसते. ती भर ओढ्यानाल्यांच्या काठी किंवा सखल प्लॉटवर पडली, तर पुराच्या पाण्याची जागा तेवढी कमी होते आणि ते शेजारच्या वस्तीत शिरते.