अमेरिकेच्या राज्यघटनेला मंजुरी कशी मिळाली : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

फिलाडेल्फियात १७ सप्टेंबर १७८७ रोजी राज्यांच्या ३९ प्रतिनिधींनी मसुद्यावर सह्या केल्या, तरी घटना लागू झाली नव्हती. मसुद्यातल्या सातव्या कलमानुसार १३ पैकी ९ राज्यांच्या खास परिषदांनी होकार दिला, की त्या राज्यांपुरती ती लागू होणार होती. मेख अशी, की राज्यांना तोवर एकत्र बांधणाऱ्या जुन्या करारनाम्यात बदल करायला तेराही राज्यांची संमती लागत असे. त्यामुळे नऊ राज्यांवर भागवणे नियमबाह्य आहे, ही विरोधकांची तक्रार बिनबुडाची नव्हती.

पात्रता : मंजुरी देणे विधिमंडळाच्या हाती नव्हते. ज्यांचे अधिकार कमी होणार, त्यांनाच विचारणार कोण? त्यांनी फक्त परिषदेची निवडणूक लावायची. मतदार बहुतेक ठिकाणी मालमत्ताधारक पुरुष. न्यूयॉर्कने या निवडणुकीपुरती मालमत्तेची अट काढली आणि २१ वर्षांवरच्या प्रत्येक स्वतंत्र पुरुष नागरिकाला मताचा हक्क दिला. गुलामांना मत नव्हतेच.

पेनसिल्व्हेनियात मात्र निवडणूक लावण्यावरूनच जुंपली. विरोधी सदस्य गैरहजर राहिले आणि कोरमला दोघे कमी पडले. २९ सप्टेंबरला जमावाने दोघांना मुक्कामावरून ओढत आणून सभागृहात बसवले. त्यातला एक दंड भरून बाहेर पडायला तयार होता, पण त्याला सोडले नाही.

कागदपत्रे : मसुद्याची प्रत, तो राज्यांकडे धाडणारा काँग्रेसचा (सर्व राज्यांच्या तेव्हाच्या केंद्रीय सभेचा) २८ सप्टेंबरचा ठराव आणि शेवटी परिषदेचे सहीनिशी मंजुरीपत्र.

अट घालता येते का? सगळा वाद इथे अडला होता. मसुद्यात हक्कांची सनद नव्हती. आधी दुरुस्ती करा, मग होकार देऊ, असे अनेकांचे म्हणणे होते. घटनेचा पुरस्कर्ता मॅडिसनने आपल्याच बाजूच्या हॅमिल्टनला कळवले, की अटीची मंजुरी ही मंजुरीच नव्हे. मॅसॅच्युसेट्सने तोड काढली : होकार बिनशर्त, सोबत दुरुस्त्यांच्या शिफारशी. तरीही निकाल १८७ विरुद्ध १६८ असा काठावरच लागला. व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्कनेही पुढे हीच वाट धरली. पहिल्या दहा दुरुस्त्या, म्हणजेच हक्कांची सनद, १७९१ मध्ये लागू झाल्या.

मुदत : कलमात शेवटची तारीख नव्हती. न्यू हॅम्पशायर २१ जून १७८८ रोजी नववे ठरले आणि घटनेला बळ आले. ऱ्होड आयलंड अडून बसले. तिथल्या मालावर बंदी घालणारे विधेयक सिनेटने (नव्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने) मंजूर केल्यावर, २९ मे १७९० रोजी ३४ विरुद्ध ३२ मतांनी त्याने होकार भरला. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होऊन तेव्हा वर्ष उलटले होते.