बाजूचं कमी दिसतं? स्कूबा मास्क घेण्याआधी

काचबिंदू, रेटिनायटिस पिग्मेंटोसा (बाजूची नजर हळूहळू जाणारा पडद्याचा आजार), पक्षाघातात गेलेली एका बाजूची नजर किंवा एकच डोळा कामाचा असणं, यांपैकी काही असलेले ग्राहक आमच्या दुकानात आल्या आल्या सगळ्यात रुंद काचेचा मास्क मागतात. बऱ्याच जणांसाठी तो चुकीचा ठरतो. गेलेली नजर रुंद काचेने परत येत नाही. उरलेल्या नजरेच्या आड न येणं एवढंच मास्कचं काम, आणि कोणता मास्क आड येतो हे माणसागणिक बदलतं. म्हणून आधी नजर मोजा, मग मास्क बघा.

नजर मोजायची कशी

डॉक्टरांकडचा व्हिज्युअल फील्डचा (नजरेच्या आवाक्याचा) रिपोर्ट बरोबर आणा, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. रिपोर्टवर ‘२४-२’ छापलेलं असेल तर मधल्या साधारण २४ अंशांचीच तपासणी झालेली असते, ‘३०-२’ असेल तर ३० अंशांची. निरोगी डोळ्याला कानाच्या बाजूला सुमारे ९० अंशांपर्यंत, नाकाच्या बाजूला आणि वर ६०, खाली ७०च्या आसपास दिसतं. मास्कची बाहेरची कड बहुधा ४० ते ६० अंशांमध्ये येते, म्हणजे त्या रिपोर्टच्या पलीकडे.

त्यासाठी दुकानातच बोटाची चाचणी करा. सोबत आलेल्या माणसासमोर हातभर अंतरावर बसा, एक डोळा तळव्याने झाका आणि त्याच्या नाकाकडे टक लावा. त्याने बोट हलवत तुमच्या कानामागून हळूहळू पुढे आणायचं, दिसताक्षणी थांबवा. हेच वरून, खालून, नाकाच्या बाजूने आणि तिरक्या दिशांनी करा. मग दुसरा डोळा, आणि त्यानंतर हेच सगळं मास्क लावून. दोन्ही वेळा बोट त्याच जागी दिसलं तर त्या मास्कने तुमचं काहीही घेतलेलं नाही. नजर नकळत बोटाकडे वळते आणि चाचणी फसते, म्हणून समोरच्याने तुमच्या बुबुळावर लक्ष ठेवायचं.

पाण्यात गेल्यावर काय बदलतं

सपाट काचेतून पाण्यात बघताना वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ वाटतात. त्याच कारणाने दृश्य आक्रसतं. जमिनीवर मधले २० अंशच दिसत असतील तर पाण्यात त्यांचे १५ होतात. दोन मीटरवरच्या बडीचा, म्हणजे जोडीदार डायव्हरचा, जमिनीवर सुमारे ७० सेंटिमीटर रुंदीचा भाग एका नजरेत येत असेल, तर पाण्यात ५३ सेंटिमीटरच येईल. हा पाण्याचा गुणधर्म आहे. कितीही महाग सपाट काच घेतली तरी तो टळत नाही. घुमटाकार काचेचे मास्क हे आक्रसणं टाळतात, पण ते मोठा उणे नंबर असलेल्यांना किंवा तशी खास कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनाच चालतात. इतरांना त्यातून धूसर दिसतं.

मास्कच्या बाबतीत काचेच्या आकारापेक्षा ती डोळ्यापासून किती दूर आहे हे महत्त्वाचं. काचेची कड डोळ्याच्या मध्यापासून बाजूला साडेचार सेंटिमीटरवर आहे असं धरू. काच डोळ्यापासून ३ सेंटिमीटरवर असेल तर त्या बाजूला ५६ अंशांपर्यंत दिसतं, ५ सेंटिमीटरवर असेल तर ४२. पाण्यात त्यांचे अनुक्रमे ३८ आणि ३० उरतात. म्हणूनच कमी हवेचा (आत कमी हवा मावणारा) छोटा, चेहऱ्याजवळ बसणारा मास्क मोठ्या चौकोनी मास्कपेक्षा अनेकदा जास्त दाखवतो.

कोणाला कोणता

नळीतून बघितल्यासारखं फक्त मधलं दिसत असेल तर बाजूच्या खिडक्यांवर पैसे घालवू नका. कमी हवेचा, काळ्या सिलिकॉन स्कर्टचा मास्क घ्या. स्कर्ट म्हणजे चेहऱ्याला टेकणारी मऊ कड. रेटिनायटिस पिग्मेंटोसात उजेडाची तिरीप फार त्रास देते आणि पारदर्शक स्कर्टमधून ती बाजूने आत येते. कडेला बघायचं तर बुबुळ न फिरवता मान फिरवा, कारण सपाट काचेतून तिरकं पाहिलं की चित्र ताणलं जातं आणि कडांना रंग दिसतात.

एक बाजू गेली असेल आणि दुसरी कानापर्यंत शाबूत असेल, तर मात्र मास्कची कड थेट चांगल्या नजरेवर येते. इथे बाजूची खिडकी उपयोगाची आहे. फक्त समोरची आणि बाजूची काच जिथे मिळते तिथे एक पट्टा दिसत नाही, आणि त्या सांध्यापाशी एकच मासा कधी दोनदा दिसतो. शिवाय अशा मास्कमध्ये हवा जास्त, म्हणून खाली जाताना नाकातून जास्त वेळा हवा सोडावी लागते आणि पाणी काढायला फुंकर मोठी लागते. आधी तलावात वापरून बघा. ज्यांना बाजूच्या नुसत्या हालचालीची चाहूल पुरते, त्यांना पारदर्शक स्कर्ट बरा.

एकाच डोळ्याने बघणाऱ्यांचा अडसर नाकाशी असतो. दोन काचांमधली दांडी नाकापलीकडचं दृश्य कापते, म्हणून अखंड एका काचेचा, नाकाशी घट्ट बसणारा मास्क निवडा. खालची नजर अधू असेल तर खाली उतरती, डोळ्याकडे कललेली काच बघा. त्याने गेज (सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारं मीटर) बघायला मान कमी वाकवावी लागते.

बसतो का ते बघा

केस मागे घ्या, स्ट्रॅप न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलकं आत ओढा आणि श्वास धरा. मास्क तसाच चिकटून राहिला पाहिजे. मग रेग्युलेटरचं (सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या यंत्राचं) माउथपीस तोंडात धरून पुन्हा करा. तोंड उघडलं की गालाची घडी पडते आणि कोरडा बसलेला मास्क तिथूनच गळतो. मिशी असेल तर नाकाखालची बारीक पट्टी भादरा किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको. गळतंय म्हणून स्ट्रॅप आवळू नका, त्याने स्कर्ट मुडपतो आणि गळती वाढते.

काच टेम्पर्डच (कडक केलेली) हवी. पोहण्याचे गॉगल खाली नेऊ नका. त्यात नाकाला जागा नसते, त्यामुळे आत हवा सोडता येत नाही आणि दाब डोळ्यांवर येतो. पूर्ण चेहऱ्याचा स्नॉर्केल मास्कही स्कूबासाठी नाही. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून धुवा, नाहीतर धुकं धरतंच आणि उरलेली नजरही झाकली जाते. काचेवर खास कोटिंग असेल तर आधी विचारा.

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी

काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर लेखी परवानगीशिवाय आम्ही मास्क देत नाही. डोळ्यात उपचारासाठी गॅस भरलेला असेल तर तो पूर्ण जिरेपर्यंत डायव्हिंग बंद. कृत्रिम डोळ्यामागचं इम्प्लांट पोकळ असेल तर ते दाबाने चेपू शकतं, म्हणून कोणतं बसवलंय हे विचारून घ्या. काचबिंदूवरचे टिमोलॉलचे थेंब हृदयाची गती मंदावतात. काचबिंदूवरच्याच ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात आणि त्या डीकंप्रेशन सिकनेसच्या (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराच्या) लक्षणाशी गल्लत करतात. यातलं काही घेत असाल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांशी बोला. कडक कॉन्टॅक्ट लेन्सखाली बुडबुडे अडकतात. मऊ लेन्स किंवा नंबरची काच घाला.

बोटीवर ठरवायचं

मालवण-तारकर्लीला पहिल्या डायव्हमध्ये प्रशिक्षक बहुधा मागून किंवा बाजूने सिलिंडर धरून असतो, म्हणजे नेमका तुमच्या न दिसणाऱ्या भागात. बोटीवरच त्याला सांगा: खूण करायची ती माझ्या चेहऱ्यासमोर, हातभर अंतरावर. मागे असताना दंडाला एकदा दाबलं तर थांब, दोनदा दाबलं तर वर, असं ठरवून घ्या आणि पाण्यात शिरण्याआधी एकदा करून बघा. दोघेच जात असाल तर बडी दिसणाऱ्या बाजूलाच राहील आणि अधेमधे बाजू बदलणार नाही. प्रेशर गेज छातीवर त्याच बाजूला क्लिप करा, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारा) मोठ्या आकड्यांचा आणि मनगटावर असू द्या. पर्यायी (जादाचा) रेग्युलेटर न बघता हाताला सापडतो का, हे डोळे मिटून तीनदा करून पाहा. पहिल्यांदा चुकला तर त्याची जागा बदला.